अडुळशाच्या पानाचा अर्क आणि प्लेटमधला झोन

वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पांत एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा भेटतो: अमुक झाडाच्या पानांच्या अर्कात अल्कलॉइड, फ्लेव्होनॉइड आणि टॅनिन आढळली, आणि अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ रोखली, झोन (प्लेटवर अर्काभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) 16 मिलिमीटर. वाचायला हे भक्कम वाटतं. पण अर्क किती घेतला होता, तो कशात विरघळवला होता आणि नुसत्या द्रावकाचा झोन किती आला, हे सोबत नसेल तर 16 मिलिमीटर या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. हे काम नीट कसं करायचं आणि ते नेमकं कुठे फसतं, हे अडुळशाच्या पानाच्या आधारे पाहू.

अडुळसा म्हणजे जस्टिशिया अधातोडा. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव अधातोडा वासिका असं आहे. पानांतलं मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन. खोकल्याच्या औषधांत दिसणारं ब्रोमहेक्सिन हे व्हॅसिसिनच्या रचनेवरूनच तयार झालं आणि अँब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्सिनपासून शरीरात बनणारं रूप. एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. खोकल्यातला अडुळशाचा उपयोग कफ पातळ होणं आणि श्वासनलिका सैल पडणं यावर उभा आहे, जंतू मारण्यावर नाही. त्यामुळे अर्क जंतूंवर निष्प्रभ ठरला म्हणून त्या उपयोगाला बाध येत नाही. उलट प्लेटवर झोन दिसला म्हणून खोकल्याचं औषध सिद्धही होत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पान कुणाचं?

बाजारातून ‘अडुळसा’ म्हणून आणलेली वाळकी पानं अडुळशाचीच असतील याची खात्री नसते. महारुखाची पानं त्या नावाखाली विकली जातात हे जुनं दुखणं आहे. ताज्या फांदीवर गोंधळ होण्याचं कारण नाही. अडुळशाची पानं साधी आणि समोरासमोर येतात, तर महारुखाचं पान संयुक्त असतं आणि त्याला अनेक पर्णिका असतात. चुरा झाल्यावर मात्र डोळ्यांना फरक कळत नाही. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं: अडुळशाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे खडे, म्हणजे सिस्टोलिथ, दिसतात, आणि पर्णरंध्राच्या दोन्ही साहाय्यक पेशी त्याला काटकोनात असतात.

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे पानं स्वतः तोडणं आणि त्याच झाडाची फुलांसह एक फांदी दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये जमा करणं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी हर्बेरियम आहे. तिथून मिळालेला नमुना क्रमांक अहवालात लिहावा. पुढे कुणी शंका काढली तर पान नेमकं कोणत्या झाडाचं होतं हे दाखवायला तेवढाच पुरावा असतो. तोडणीचा महिना, ठिकाण आणि पान कोवळं होतं की जून, हेही लिहून ठेवावं, कारण अल्कलॉइडचं प्रमाण यानुसार बदलतं.

वाळवणं आणि अर्क काढणं

पानं वाहत्या पाण्यात धुवावीत, पाणी निथळू द्यावं आणि सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक न रचता पसरावीत. उन्हात वाळवू नयेत. व्हॅसिसिन हवा आणि प्रकाशाच्या संपर्कात हळूहळू व्हॅसिसिनोनमध्ये बदलतं, म्हणजे आपण मोजणार तेच द्रव्य वाळवतानाच हातचं जातं. पावसाळ्यात सावलीत पान आठवडा झाला तरी ओलसर राहतं आणि त्यावर बुरशी धरते. अशा वेळी 40 अंश सेल्सिअसचा ओव्हन वापरावा. बुरशी लागलेला ढीग वरवर झटकून वापरण्याचा मोह होतो, पण तो फेकलाच पाहिजे. काही बुरश्या स्वतःच जंतुनाशक द्रव्यं बनवतात आणि मग झोन पानाचा की बुरशीचा, हे सांगता येत नाही.

मुठीत दाबल्यावर पान चुरचुरलं की ते वाळलं. मिक्सरमध्ये थांबून थांबून वाटावं, कारण सलग फिरवलं की भांडं तापतं. 40 मेशच्या चाळणीतून चाळून भुकटी हवाबंद, गडद बाटलीत ठेवावी.

अर्कासाठी 50 ग्रॅम भुकटी आणि 500 मिलिलिटर मिथेनॉल, म्हणजे एकास दहा, हे सोयीचं प्रमाण आहे. झाकणबंद फ्लास्क 48 तास शेकरवर ठेवावा. आधी मलमलच्या कापडातून, मग व्हॉटमन क्रमांक 1 च्या कागदातून गाळावं आणि उरलेल्या चोथ्यावर 300 मिलिलिटर ताजं मिथेनॉल घालून हेच आणखी दोनदा करावं. सॉक्सलेट या उपकरणाने काम लवकर आणि कमी द्रावकात होतं, पण त्यात अर्क तासन्‌तास उकळत राहतो. उष्णतेने बिघडणाऱ्या द्रव्यांसाठी थंड भिजवणंच बरं. मिथेनॉल विषारी आहे, डोळे जाऊ शकतात. त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, करावं आणि असा अर्क कुणी कधीही तोंडात घालू नये.

नुसतं मिथेनॉल का, असा प्रश्न रास्त आहे. मिथेनॉल बरंच काही खेचतं: अल्कलॉइड, फ्लेव्होनॉइड, टॅनिन, साखर आणि हरितद्रव्यसुद्धा. कोणत्या गटात गुण आहे ते पाहायचं असेल तर एकाच भुकटीवर आधी हेक्सेन, मग एथिल अॅसिटेट, मग मिथेनॉल आणि शेवटी पाणी असे क्रमाने अर्क घ्यावेत. प्रत्येक टप्प्यानंतर चोथा पूर्ण वाळवावा, नाहीतर आधीचं द्रावक पुढच्यात मिसळतं. पाण्याचा अर्क खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवला तरी त्यात जंतू वाढतात. तो थंड ठेवून त्याच दिवशी फ्रीझ-ड्राय करावा.

द्रावक काढायला रोटरी इव्हॅपोरेटर, पाण्याचं तापमान 40 अंशांवर ठेवून. त्यानंतरचा टप्पा बरेच जण गाळतात. चिकट अर्क वजन केलेल्या डिशमध्ये घेऊन, सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवायचा असतो. अर्कात मिथेनॉल उरलं तर जंतू त्यानेच मरतात आणि श्रेय अडुळशाला मिळतं. वजनातलं ओलावा-द्रावकही आपण ‘अर्क’ म्हणून मोजतो, मग पुढची सगळी प्रमाणं चुकतात. 50 ग्रॅम भुकटीतून 6 ग्रॅम कोरडा अर्क मिळाला तर उतारा 12 टक्के. हा आकडा लिहावाच.

रंग बदलला म्हणजे सापडलं?

रासायनिक घटकांची पहिली चाचपणी रंगाच्या नाहीतर साक्याच्या चाचण्यांनी होते. अल्कलॉइडसाठी मेयरचं अभिकर्मक मलईसारखा पांढुरका साका देतं, ड्रॅगेनडॉर्फचं नारिंगी आणि वॅग्नरचं तांबूस तपकिरी. अडचण अशी की प्रथिनंही या अभिकर्मकांशी साका देऊ शकतात. म्हणून अर्क थेट न तपासता आधी आम्ल-अल्कली पद्धतीने साफ करावा. 2 ग्रॅम अर्क 50 मिलिलिटर 2 टक्के सल्फ्युरिक आम्लात ढवळून गाळा. गाळलेलं द्रव इथरने धुतलं की मेद आणि हरितद्रव्य निघून जातं. मग अमोनियाने पीएच 9 ते 10 वर आणून क्लोरोफॉर्मने तीनदा हलवून घ्या. आम्लात अल्कलॉइड क्षाररूपात पाण्यात राहतात, अल्कलीत ते मोकळे होऊन क्लोरोफॉर्ममध्ये जातात. या क्लोरोफॉर्मच्या थरातून मिळालेल्या अंशाने ड्रॅगेनडॉर्फला रंग दिला तर तो विश्वासार्ह. मेयरच्या अभिकर्मकात पारा असतो, ते बेसिनमध्ये ओतू नये.

फ्लेव्होनॉइडसाठी शिनोडा चाचणी: अल्कोहोलमधल्या अर्कात मॅग्नेशियमचा तुकडा आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले की गुलाबी-लाल रंग येतो. पानाच्या अर्कात हरितद्रव्य इतकं गडद असतं की हा रंग झाकला जातो आणि उत्तर खोटंच ‘नाही’ येतं. आधी हेक्सेनने धुतलेला अर्क घ्यावा. 5 टक्के फेरिक क्लोराइडने निळा-काळा किंवा हिरवट रंग आला की ‘टॅनिन आहे’ असं सर्रास लिहिलं जातं, पण तो रंग फेनॉलच्या गटाचा आहे, एकट्या टॅनिनचा नाही. जिलेटिनच्या मिठाच्या द्रावणात साका पडला तर टॅनिन म्हणावं. लीबरमन-बुर्चार्ड चाचणीतला हिरवा रंग स्टेरॉल दाखवतो, आणि स्टेरॉल प्रत्येक हिरव्या पानात असतातच. त्या ओळीपुढे ‘+’ लिहिण्यात अडुळशाबद्दल नवीन काही कळत नाही.

तक्त्यात ‘+’, ‘++’, ‘+++’ भरण्यापेक्षा अर्कातली द्रव्यं पातळ थरावर वेगळी करणाऱ्या थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची (टीएलसी) एक चांगली प्लेट जास्त सांगते. सिलिका जेल 60 एफ-254 ची प्लेट घ्यावी, एथिल अॅसिटेट आणि मिथेनॉलच्या मिश्रणात थोडा अमोनिया घालावा, शेजारी शुद्ध व्हॅसिसिनचा ठिपका द्यावा आणि शेवटी ड्रॅगेनडॉर्फ फवारावं. अमोनिया विसरलात तर सिलिकाच्या आम्लपणामुळे अल्कलॉइड ठिपक्याऐवजी शेपटीसारखं ओघळत जातं. व्हॅसिसिन किती, हे मोजायचं तर एचपीएलसी किंवा एचपीटीएलसी या यंत्रावरच्या क्रोमॅटोग्राफीच.

जीसी-एमएस, म्हणजे द्रव्यं बाष्परूपात वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, याबद्दल थोडं खडसावून सांगायला हवं, कारण तयार अहवालाच्या भरवशावर सर्वाधिक चुका तिथेच होतात. हे यंत्र बाष्प होऊ शकणारीच द्रव्यं पाहतं. फ्लेव्होनॉइडचे ग्लायकोसाइड, टॅनिन, साखरेला जोडलेली मोठी द्रव्यं त्याला दिसत नाहीत. संगणकातल्या संग्रहाशी 90 टक्के जुळलं म्हणजे ओळख पटली असं नाही, तो संगणकाचा अंदाज आहे. आणि यादीत थॅलेट दिसलं तर ते बहुधा प्लास्टिकच्या नळीतून किंवा बाटलीतून आलंय, पानातून नाही. सिलोक्सेन दिसलं तर ते यंत्राच्या कॉलममधून सुटलेलं असतं. अर्काशिवाय नुसतं द्रावक त्याच भांड्यांतून, त्याच टप्प्यांतून नेऊन त्याचाही आलेख घ्यावा आणि दोन्हीत दिसणारी नावं यादीतून काढावीत.

जंतूंवरची चाचणी

जंतूंचे प्रमाणित स्ट्रेन (वाण) घ्यावेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीतून ते मिळतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी 25923 आणि ई. कोलाय एटीसीसी 25922 ही जोडी जगभर तुलनेसाठी वापरली जाते. वापरलेली प्रत्येक प्लेट आणि टिप 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाकायची.

म्युलर-हिंटन अगार हे जंतू वाढवायचं माध्यम 90 मिलिमीटरच्या प्लेटमध्ये 25 मिलिलिटर ओतलं की थर 4 मिलिमीटरचा होतो. पातळ थरात औषध खाली न जाता आडवं पसरतं आणि झोन फुगतो, जाड थरात तो आखडतो. प्लेट सपाट जागेवरच घट्ट होऊ द्याव्यात. जंतूंचं द्रावण 0.5 मॅकफार्लंड या प्रमाणित द्रावणाच्या गढूळपणाला जुळवावं. 625 नॅनोमीटरवर वाचन 0.08 ते 0.13 आलं की मिलिलिटरला साधारण 1 ते 2 कोटी नव्हे, 10 ते 20 कोटी जंतू आहेत असं समजावं. शून्याची चूक इथे नेहमी होते. द्रावण तयार झाल्यापासून 15 मिनिटांत प्लेटवर फिरवावं, नाहीतर जंतू वाढत राहतात. फार दाट पेरलं तर झोन लहान, फार विरळ पेरलं तर मोठा.

अर्क कागदी चकतीवर घालून ती अगारवर ठेवतात किंवा अगारात पाडलेल्या विहिरीत भरतात. 6 मिलिमीटरच्या चकतीवर 20 मायक्रोलिटरच्या आसपासच द्रव मावतं. विहीर पाडली तर 50 ते 100 मायक्रोलिटर. विहीर पाडताना अगार तळातून सुटलं तर अर्क खालून पसरतो आणि झोन वेडावाकडा येतो. विहिरीच्या तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडला की गळती थांबते. प्रत्येक प्लेटवर अर्क ज्यात विरघळवला त्या डीएमएसओ या द्रावकाची नुसती एक चकती आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची 10 मायक्रोग्रॅमची एक चकती हवी. 35 अंशांवर 16 ते 18 तासांनी जेंटामायसिनचा झोन ई. कोलाय 25922 वर 19 ते 26 मिलिमीटरच्या बाहेर गेला, तर अगार, पेरणी किंवा चकती यांपैकी काहीतरी बिघडलंय. त्या दिवसाचे अर्काचे आकडेही वापरू नयेत.

आता झोन वाचणं. अर्काचा झोन 18 आणि जेंटामायसिनचा 22 आला की ‘अर्क प्रतिजैविकाच्या जवळपास प्रभावी’ असं लिहिलं जातं. 250 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा अर्क 20 मायक्रोलिटर घातला असेल तर चकतीवर 5 मिलिग्रॅम गेलेत. जेंटामायसिन 10 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे अर्क 500 पट जास्त घालून झोन लहानच आला! शिवाय झोन हा जेवढा मारकशक्तीचा, तेवढाच पसरण्याचाही आकडा आहे. पाण्यात सहज विरघळणारं लहान द्रव्य लांब जातं. तेलकट, मोठ्या रेणूचं द्रव्य जोरकस असूनही चकतीपाशीच अडकतं. म्हणून दोन वेगळ्या अर्कांच्या झोनची मिलिमीटरमध्ये तुलना करून ‘हा जास्त चांगला’ म्हणणं मुळातच चुकीचं आहे. झोन आला तर पुढची चाचणी करावी, त्याचा उपयोग एवढाच.

ती पुढची चाचणी म्हणजे वाढ रोखणारं किमान प्रमाण, एमआयसी. 96 खाचांच्या प्लेटमध्ये ती होते. अर्क डीएमएसओत 200 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करून त्यातले 40 मायक्रोलिटर 960 मायक्रोलिटर म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये घाला. हे झालं 8 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. इथे अर्काचा साका पडला तर थांबा, कारण तळाशी बसलेला अर्क मोजण्यात अर्थ नाही. ओळीतल्या सर्व खाचांत 100 मायक्रोलिटर ब्रॉथ, पहिल्या खाचेत 100 मायक्रोलिटर अर्क, नीट मिसळून तिथून 100 मायक्रोलिटर दुसरीत, असं दहावीपर्यंत न्यायचं आणि दहावीतले शेवटचे 100 फेकायचे. मॅकफार्लंडला जुळवलेलं द्रावण शंभरपट पातळ करून पहिल्या अकरा खाचांत 100 मायक्रोलिटर घालायचं. आता पहिल्या खाचेत अर्क 2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, डीएमएसओ 1 टक्का, जंतू मिलिलिटरला 5 लाख, आणि दहाव्या खाचेत अर्क साधारण 4 मायक्रोग्रॅम. अकरावीत जंतूंसोबत तेवढंच डीएमएसओ पण अर्क नाही, बारावीत फक्त ब्रॉथ. जंतू खरंच 5 लाख आहेत का, हे पाहायला अकराव्या खाचेतले 10 मायक्रोलिटर लगेच 10 मिलिलिटर सलाइनमध्ये घालून त्यातले 100 मायक्रोलिटर अगारवर पसरावेत. दुसऱ्या दिवशी 50 च्या आसपास वसाहती आल्या की पेरणी बरोबर.

पानाचा अर्क हिरवा-काळपट असल्याने गढूळपणा डोळ्यांना कळत नाही. म्हणून 16 ते 20 तासांनी प्रत्येक खाचेत रेझाझुरिन या निळ्या रंगद्रव्याच्या 0.015 टक्के द्रावणाचे 30 मायक्रोलिटर घालून दोनेक तास थांबतात. जिवंत जंतू निळ्याचा गुलाबी करतात. निळी राहिलेली सर्वांत पातळ खाच म्हणजे एमआयसी. पण अर्कातली काही द्रव्यं जंतू नसतानाही रेझाझुरिनचा रंग बदलतात, आणि मग काम करणारा अर्क निकामी ठरतो. त्यासाठी अर्काची तीच उतरंड, जंतूंऐवजी ब्रॉथ घालून, दुसऱ्या ओळीत ठेवायलाच हवी. ती ओळ गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका, प्रत्येक खाचेतून अगारवर ठिपके देऊन वाढ पाहा.

कच्च्या अर्काची एमआयसी 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर पुढे शोध घेण्याजोगं काही आहे, असा संशोधकांत रूढ दंडक आहे. हजारच्या वर गेली तर जवळपास कोणताही दाट अर्क तेवढं करतो. टॅनिन जास्त असेल तर ते माध्यमातल्या प्रथिनांनाच बांधून जंतूंची उपासमार करतं. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोनने टॅनिन काढून पुन्हा पाहावं. आम्लधर्मी अर्क नुसत्या पीएचमुळे जंतू रोखतो, म्हणून पहिल्या खाचेचा पीएच तपासावा. ई. कोलायवर काही झालं नाही तर ते अपयश नव्हे. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जंतूंना बाहेरचं जादा आवरण असतं आणि आत शिरलेलं द्रव्य बाहेर फेकणारे पंपही.

एकाच अर्काच्या तीन प्लेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्याने फक्त हाताची सफाई कळते. वेगवेगळ्या झाडांवरून तीनदा पानं तोडून तीनदा अर्क काढला, तर तीन.

नेमकं कोणतं द्रव्य काम करतं हे शोधायला बायोऑटोग्राफी हा फार सुंदर आणि स्वस्त मार्ग आहे. टीएलसी प्लेटवर अर्क चढवून द्रावक पूर्ण उडू द्यायचं, वर जंतू मिसळलेल्या मऊ अगारचा पातळ थर ओतायचा, रात्रभर ठेवून एमटीटी, म्हणजे जिवंत जंतू जांभळं करतात असं रंगद्रव्य, फवारायचं. सगळी प्लेट जांभळी होते आणि जिथे जंतू वाढले नाहीत तिथे फिकट पट्टा उरतो. शेजारच्या जोडप्लेटवर ड्रॅगेनडॉर्फ फवारलेलं असेल तर तो पट्टा व्हॅसिसिनच्या उंचीवर आहे की भलत्याच ठिकाणी, हे लगेच दिसतं. ‘अल्कलॉइडमुळे जंतुरोधक गुण’ हे वाक्य लिहिण्याआधी एवढं तरी करावं.

आणि रक्तपेशींची चाचणी. सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारी द्रव्यं, असलेले अर्क जंतूंइतक्याच सहज तांबड्या पेशी फोडतात. धुतलेल्या तांबड्या पेशींचं 2 टक्के द्रावण अर्काच्या त्याच उतरंडीत 37 अंशांवर तासभर ठेवावं, सेंट्रिफ्यूज करावं आणि वरचं द्रव 540 नॅनोमीटरवर वाचावं. अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला पेशींशिवायची एक रांग लागेल. एमआयसी 500 मायक्रोग्रॅम असताना 500 मायक्रोग्रॅमलाच निम्म्या पेशी फुटत असतील, तर तो अर्क जंतूंना ओळखून मारत नाही, समोर येणारा प्रत्येक पडदा फाडतो आहे.